कारण सांगितलं की घंटी

गुरुवार, ९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न उघडताच ठेवून दिलंस, तर माझी तक्रार नाही. उघडलंस तर आधी एक हसण्यासारखी गोष्ट सांगतो, मग काय करायचं ते तू ठरव. पत्ता ताईने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिच्या फार मागे लागलो होतो.

मी एक दुकान बांधलं आहे. खोटं दुकान. त्यात साबणाचे रिकामे खोके, रिकाम्या बरण्या आणि माझ्या हाताने रंगवलेली लाकडी फळं आहेत. विकायचं काहीच नाही, तरी गिऱ्हाइकांची रांग लागते.

झालं असं की डिसेंबरात एका बाईंनी सुतारकामासाठी बोलावलं. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या मुलांचं केंद्र चालवतात. मुलं सात, आठ ते बारा वर्षांची. डॉक्टरांनी प्रत्येकाच्या फाइलीवर काही ना काही नाव लिहिलेलं आहे. कुणाला भीतीचा आजार, कुणाचं चित्त क्षणभर एका जागी राहत नाही, कुणी दिवसातून चाळीस वेळा हात धुतं. औषध डॉक्टर देतात. बाई शिकवतात माणसांत वावरायला. रांगेत कसं थांबायचं, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कसं बघायचं, मलाही खेळात घ्या असं कसं म्हणायचं, आणि नको असेल तर नको कसं म्हणायचं. आपल्या गावच्या शाळेत या सगळ्यासाठी एकच साधन होतं, आणि ते गुरुजींच्या टेबलावर आडवं ठेवलेलं असायचं.

सरावासाठी बाईंना दुकानाचा गल्ला, म्हणजे दुकानदारापुढचं उंच टेबल, हवा होता. मी चांगल्या फळ्या घेतल्या, कडा घासून गोल केल्या, वर तीन हात पॉलिश मारलं. पहिल्या बुधवारी गंमत बघायला मीच गल्ल्यामागे उभा राहिलो. रांग लागली, आणि मला गिऱ्हाईकच दिसेना. गल्ल्यापलीकडे नुसता एक भांग दिसत होता, नीट पाणी लावून पाडलेला. त्या भांगाखालून आवाज आला, दुकान बंद आहे का?

दादा, तीस वर्षं रंधा मारतो आहे मी. माप घेतलं ते दुकानदाराचं, म्हणजे माझंच. गिऱ्हाइकाचं घ्यायचं सुचलं नाही. त्याच दिवशी गल्ला उलटा पाडला आणि चारही पायांचे वीत-वीतभर तुकडे कापून टाकले. मुलं गोल करून बघत बसली होती. बाई म्हणाल्या की मोठ्या माणसाने आपली चूक एवढ्या शांतपणे कापून काढलेली या मुलांनी फारशी पाहिलेली नसते. मग त्यांनी विचारलं, दर बुधवारी चार वाजता तासभर दुकानदार व्हाल का? मी हो म्हणालो. घरी ही म्हणाली, तुम्हाला माणसांत कसं वागावं ते शिकवायला ठेवलंय की शिकायला?

आता दुसरी गोष्ट. अकरा वर्षं झाली. नऊ वर्षांच्या पोराला काकाने एक चापट मारली म्हणून भावाने भावाचं तोंड बघू नये, असं कुठे असतं का? आपण दोघांनी लहानपणी काय कमी मार खाल्ला? मी त्याचा काका आहे, परका नाही. घरात मोठे लोक आलेले होते, आणि त्या वेळी माणसाचा हात उठतो. असो. जे झालं ते झालं. तू दोन ओळी लिही. नाही तर नुसतं कोरं पोस्टकार्ड टाक, तेवढ्यावरही मी समजेन.

तुझा धाकटा

गुरुवार, ३० जानेवारी

दादा,

कोरं पोस्टकार्डसुद्धा आलं नाही. बरं.

पुढची हकिकत ऐक. केंद्रात एक रीत आहे. दारातून आत येताना प्रत्येकाने आपल्याला हवं ते नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि छातीला लावायचं. त्या तासात सगळ्यांनी त्याच नावाने हाक मारायची. बाई म्हणतात, या मुलांना लोकांनी आधीच खूप नावं ठेवलेली असतात. आजाराचं नाव फाइलीवर असावं, पोराच्या कपाळावर नाही. इथे तरी त्यांना स्वतःचं नाव स्वतः ठेवू द्यावं.

ज्याचा भांग मला दिसला होता, तो कॅप्टन. हात धुऊन धुऊन त्याची कातडी सोलवटली आहे. खिशात तीन रुमाल असतात आणि तिन्हींची कामं वेगळी. दुसरा वकील. तो बसत नाही, उभा राहत नाही आणि गप्प तर मुळीच राहत नाही. रांग का लावायची, तर आधी आला त्याला आधी मिळावं म्हणून. मग मी काल रात्रीच मनाने इथे आलो होतो, त्याचं काय? बाईंना दर बुधवारी या वकिलाशी एक खटला लढावा लागतो.

आणि एक मुलगी आहे, आठ वर्षांची, काडीसारखी. घरी भरपूर बोलते म्हणे, घराबाहेर एक शब्द नाही. दोन वर्षं शाळेत तिने तोंड उघडलेलं नाही. ती कॅप्टनच्या कानात कुजबुजते, आणि कॅप्टन छाती पुढे काढून सगळ्यांना मोठ्याने सांगतो. हिने आपलं नाव काय ठेवावं? बुलडोझर. चिठ्ठी तिच्या फ्रॉकपेक्षा थोडीच लहान आहे.

मला विचारलं तेव्हा मी 'सुतार' लिहिलं. वकिलाने लगेच हरकत घेतली, की हे नाव नाही, धंदा आहे. बुलडोझरने कॅप्टनच्या कानात काही सांगितलं आणि कॅप्टनने निकाल वाचला: चालतं.

आता मी दर आठवड्याला निराळा दुकानदार होतो. एकदा बहिरा झालो, म्हणजे मुलांनी न चिडता पुन्हा सांगावं. एकदा चुकीची वस्तू दिली, म्हणजे त्यांनी सरळ सांगावं की हे नको, ते हवं. मागच्या बुधवारी खडूस दुकानदार झालो. काय पाहिजे, लवकर बोला, माझ्याकडे वेळ नाही, असं ओरडलो. दोन मुलं मागे सरकली. कॅप्टनने दुसऱ्या क्रमांकाचा रुमाल काढून कपाळ पुसलं आणि मला विचारलं, काका, तुम्हालाही डॉक्टरकडे नेतात का? सगळे हसले, मीही हसलो. बाई म्हणाल्या, अभिनय फार छान करता. मी त्यांना सांगितलं नाही की त्यात अभिनय कुठेच नव्हता.

त्या दिवशी मी घरी चालत आलो. रोज सकाळी देवापुढे हात जोडून मी झाल्या-गेल्याची माफी मागतो. ते सोपं आहे, दादा. देव समोर उभा राहून आपला चेहरा दाखवत नाही. मागे सरकत नाही.

मागे सरकलेल्या त्या दोन पोरांवरून मला तुझा पोरगा आठवला. त्याला मी घुम्या म्हणायचो. सुरुवात मीच केली, मग गल्लीतली पोरं म्हणायला लागली, आणि वहिनी सांगायची की शाळेतही तेच चालतं. मी म्हणायचो, लाडाने म्हणतो गं. या सात मुलांपैकी कुणीही आपल्या चिठ्ठीवर असलं नाव लिहिलेलं नाही.

तुझा धाकटा

गुरुवार, २० फेब्रुवारी

दादा,

ताई म्हणते की तू माझी पत्रं वाचतोस. पुढे काही सांगत नाही ती. वाचतोस एवढं मला पुरे आहे.

सध्या आमच्याकडे माफी मागण्याचे धडे चालू आहेत. बाईंचा नियम असा: माफीत तीन गोष्टी सांगायच्या. मी काय केलं, त्याचं तुला काय झालं, आणि आता मी काय करणार. कारण सांगायचं नाही. समोरच्याने विचारलं तरच कारण. गल्ल्यावर दुकानदाराला बोलवायची पितळी घंटी ठेवलेली आहे. माफी मागणारा कारणावर घसरला की कुणीही ती वाजवायची.

वकिलाने सुरुवात केली. मी तुझी पेन्सिल मोडली, कॅप्टन, ती तू माझ्या बाजूला ठेवली होतीस. टिंग. हे कारण नाही, ही माहिती आहे. टिंग. बरं, माहिती मागे घेतो, पण ती मुळातच कमी दर्जाची पेन्सिल होती. टिंग, टिंग. पाचव्या खेपेला कसाबसा निभावला. कॅप्टनने त्याला माफ केलं आणि हात मिळवायचा की नाही याचा बराच विचार करून शेवटी कोपराला कोपर लावलं.

मग बाई म्हणाल्या की मोठ्यांनीही एक खरी माफी मागून दाखवायची. त्यांनी स्वतः मागितली, बहिणीचं पत्र चोरून वाचल्याची. एकही घंटी नाही. मग माझी पाळी. मला वाटलं, आयुष्यात पुष्कळ वेळा वाकलो आहे, त्यात काय. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी माझ्या मोठ्या भावाची माफी मागतो, अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलावर माझा हात उठला, त्या दिवशी घरात पाहुणे होते.

सात वेळा वाजली, दादा. वाजवली बुलडोझरने, हिशेब वकिलाने ठेवला. सातव्या वेळी मी चिडून म्हणालो की पुरे आता, पोरखेळ आहे का हा? बाई शांतपणे म्हणाल्या, हो.

इथे पुन्हा प्रयत्न करतो. टेबलावर घंटी नाही, म्हणून जिथे वाजली असती तिथे मीच लिहितो.

दादा, मी चुकलो. त्या दिवशी नव्या शाळेच्या बाकांचं काम द्यायला मंडळी आली होती (टिंग), तेवढं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं (टिंग). तुझा पोरगा माझ्या कामाच्या टेबलाखाली बसून स्क्रू मापाप्रमाणे लावत होता. मी त्याला ओढून बाहेर काढलं आणि नाव सांग म्हणालो. त्याने सांगितलं नाही. दहादा विचारूनही सांगितलं नाही (टिंग). मी मंडळींना म्हणालो, याचं नाव घुम्या. सगळे हसले. त्याने कानांवर हात ठेवले आणि घशातून मोठ्याने एकसुरी आवाज काढायला लागला. मी त्याला मारलं. मग त्याचा डबा पायाने उडवला. तू रंधा मारत होतास. तू तो खाली ठेवलास, पोराला उचललंस आणि निघालास. तुझ्या हातातलं काम अर्धंच राहिलं. ती फळी अजून माझ्याकडे आहे.

तीन घंट्या. सातावरून तीनवर आलो. बुलडोझर खूश होईल.

तुझा धाकटा

गुरुवार, १३ मार्च

दादा,

काल जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

काल सराव होता दुकानदाराशी एकट्याने बोलायचा. ज्यांना जमत नाही त्यांनी बोटाने वस्तू दाखवली तरी चालतं. बुलडोझरची पाळी आली. कॅप्टन तिच्यासोबत निघाला होता, तिने त्याला हाताने थांबवलं. मी स्टुलावर बसलो होतो. कापलेल्या गल्ल्यावर हनुवटी टेकली की तिचं तोंड बरोबर माझ्या कानापाशी येतं. बोटाने काय दाखवते याची मी वाट बघत होतो.

तिने विचारलं, "ज्याला मारलं, त्याला लिहिलं का पत्र?"

घोगरा, न वापरलेला आवाज. रंध्याच्या गंजलेल्या पात्यासारखा. दादा, घराबाहेर, कॅप्टनला सोडून कुणाशी ती दोन वर्षांत बोललेली नव्हती, आणि पहिलं वाक्य तिने हे काढलं.

बाईंनी आम्हाला बजावून ठेवलं आहे की ती बोलली तर कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, शाबास म्हणायचं नाही. नेहमीसारखं वागायचं. मी नेहमीसारखं वागायचा प्रयत्न केला. म्हणालो, नाही. ती थांबून राहिली. मग मला आठवलं की मी दुकानदार आहे. साबणाचा खोका पिशवीत घालून दिला आणि विचारलं, आणखी काही? तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. बाई फळ्याकडे तोंड करून खूप वेळ काहीच न लिहिता उभ्या होत्या.

आपल्याकडे भांडण मोठ्यांचं असतं आणि समेटही मोठ्यांचा. पोर मध्ये असतं ते शेताच्या बांधासारखं. त्यावर उभं राहून भांडायचं, बांधाला कुणी विचारत नाही. मी अकरा वर्षं तुझी माफी मागायची म्हणून झुरतो आहे, आणि लागलं त्याला होतं. पुन्हा माप दुकानदाराचंच घेतलं बघ.

सोबत वेगळं पाकीट आहे. त्याला देशील का? तू आधी वाचलंस तरी माझी हरकत नाही, पण देणं-न देणं तुझ्या हातात ठेवणंही मला बरोबर वाटत नाही. तो आता वीस वर्षांचा आहे. म्हणून एक प्रत ताईने सांगितलेल्या औषधांच्या गोदामाच्या पत्त्यावर, जिथे तो कामाला आहे तिथेही पाठवतो आहे. तुला न विचारता हे केलं, याची आधीच माफी मागतो. कारण सांगत नाही.

तुझा धाकटा

गुरुवार, १३ मार्च

तुला कुठल्या नावाने हाक मारावी तो हक्क तुझा आहे, म्हणून वरची जागा रिकामी ठेवली आहे.

मी तुझा काका. अकरा वर्षांपूर्वी, तू नऊ वर्षांचा असताना, सात पाहुण्यांसमोर मी तुला टेबलाखालून ओढून काढलं. तुला घुम्या म्हणालो. तुला एक चापट मारली. तू मापाप्रमाणे लावलेले मूठभर स्क्रू लाथेने उडवले.

तुला लागलं. लोक तुला हसले. मी ठेवलेलं नाव तुझ्यामागे शाळेपर्यंत आलं. तुझं काकाचं घर आणि ते टेबल सुटलं.

ते नाव मी पुन्हा तोंडात घेणार नाही. दर बुधवारी चार वाजता मी एका खोट्या दुकानात मुलांसाठी दुकानदार असतो, पत्ता खाली आहे. तू कधी आलास तर तिथे असेन. नाही आलास तरी तिथेच असेन.

मी चुकलो.

काका

गुरुवार, ३ एप्रिल

दादा,

त्याचं उत्तर आलं. तू ते पाहिलंस की नाही, मला माहीत नाही, म्हणून सांगतो.

आखलेल्या कागदावर, समासात क्रमांक घालून, छापल्यासारखं अक्षर. वर लिहिलेलं आहे: दुरुस्त्या. पाहुणे सात नव्हते, नऊ होते. दोन लहान मुलं होती, ती तुम्ही मोजली नाहीत. चापट एक नव्हती, दोन होत्या, दुसरी डाव्या कानावर. स्क्रू मूठभर नव्हते, दोनशे चाळीस होते. बाबांनी आणि मी नंतर पायरीवर बसून मोजले, दोनशे एकतीस भरले. दीड इंची नऊ कमी होते.

मी वाचत होतो आणि ही समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला हसू आलं, आणि हसता हसता भलतंच झालं. ही म्हणाली, काय लिहिलंय एवढं? मी म्हणालो, माझं गणित तपासलंय. दादा, दोन पोरं मी त्या दिवशीही मोजली नव्हती.

शेवटी त्याने दोन ओळी लिहिल्या आहेत. पत्रात कारणं नाहीत हे त्याने पाहिलं. आणि एक प्रश्न: तिथे आलो तर बोलावं लागेल का?

मी बाईंना विचारून लगेच कळवलं. दुरुस्त्या सगळ्या मान्य, दुसरी चापटही मान्य. बोलावं लागत नाही. आत येताना एक नाव लिहावं लागतं आणि रांगेत थांबावं लागतं. रांग नको वाटली तर बाक आहे, तो मीच केलेला आहे, मजबूत आहे.

मुलांना सगळं सांगितलं. वकिलाचं म्हणणं, नऊ स्क्रू अकरा वर्षं हरवलेले असतील तर आता त्यांचे पंधरा झाले असतील, व्याजासकट. कॅप्टनने विचारलं की ते धुतलेले असतील का. बुलडोझरने कॅप्टनच्या कानात काही सांगितलं, पण त्याने ते मोठ्याने वाचलं नाही. म्हणाला, हे खाजगी आहे.

काल तो आला नाही. मी पाच वाजून गेल्यावरही गल्ला पुसत राहिलो. बाईंनी दिवे मालवले तेव्हा निघालो. पुढच्या बुधवारी पुन्हा पुसेन.

तुझा धाकटा

गुरुवार, १७ एप्रिल

दादा,

नऊ तारखेलाही तो आला नव्हता, आणि मला वाटायला लागलं होतं की दुरुस्त्या पाठवल्या हेच त्याचं शेवटचं. काल चारला पाच कमी असताना मी खिडकी उघडायला गेलो. खाली औषधाच्या दुकानासमोर एक जुनी करडी गाडी उभी होती. खिडकीतून कोपर बाहेर, आणि बोटं दारावर ताल धरत होती, तीन वेळा, थांबून, पुन्हा तीन वेळा. आपले बाबा अशीच बोटं वाजवायचे. तू मला पाहिलं नाहीस. मी मागे सरकलो.

मग जिन्यावर पावलं वाजली.

उंच झाला आहे रे. खांदे तुझे, कपाळ वहिनीचं. बाईंनी त्याच्याकडे न बघता चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. त्याने पेन घेतलं आणि बराच वेळ उभा राहिला. मी डोळे बरणीवर ठेवले होते. लिहिलं, चिठ्ठी छातीला लावली, तिचे चारही कोपरे दाबून सरळ केले आणि रांगेत कॅप्टनच्या मागे जाऊन उभा राहिला, बरोबर एक हात अंतर सोडून. कॅप्टनने मागे वळून ते अंतर बघितलं आणि इतक्या कौतुकाने मान डोलावली की काय सांगू.

वकिलाने चिठ्ठी वाचली. पुतण्या. लगेच म्हणाला, हरकत आहे, हे नाव नाही, हे नातं आहे. मी गल्ल्याची कड घट्ट धरली होती. आणि मग, कॅप्टनच्या कानात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा तो घोगरा आवाज आला.

"चालतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वकील आयुष्यात पहिल्यांदा निकालापुढे गप्प बसला.

कॅप्टनचा साबण देऊन झाला आणि तुझा पोरगा माझ्यासमोर आला. माझ्या मनात किती वाक्यं होती म्हणून सांगू. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, त्या दिवशी खरं म्हणजे... टिंग. बुलडोझर घंटीवर हात ठेवूनच उभी होती. मी तोंड मिटलं. तोही क्षणभर घंटीकडे बघत राहिला, आणि त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला. लहानपणी डब्यातले स्क्रू ओळीत बसले की जायचा तसाच.

मी दुकानदार झालो. काय हवं, विचारलं.

त्याने माझ्या भुवयांकडे बघितलं. डोळ्यांत बघता येत नसेल तर भुवया चालतात, बाई हेच शिकवतात. त्याला कुणी न शिकवता येत होतं. म्हणाला, "दीड इंची स्क्रू. नऊ."

दुकानातली सगळी खोकी रिकामी असतात, दादा, ते तुला माहीतच आहे. पण गेले दोन आठवडे माझ्या सदऱ्याच्या खिशात एक पुडी होती. मी ती गल्ल्यावर सोडली. त्याने एकेक करून मोजले, सगळ्यांची टोकं एका दिशेला केली, पुन्हा पुडी बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. दहावा एक जास्तीचा पडला होता, तो बोटाने माझ्याकडे परत सरकवला.

दुकानदाराने शेवटी काय विचारायचं ते ठरलेलं आहे. मी विचारलं, आणखी काही?

तो म्हणाला, "आज एवढंच."

मग बाकावर जाऊन बसला आणि तास संपेपर्यंत बसून राहिला. जाताना बाकाचा डावा पाय हलतो असं बाईंना सांगून गेला. खरंच हलतो. आज सकाळी जाऊन मी तो बसवला, त्या दहाव्या स्क्रूने.

दादा, तू तासभर खाली गाडीत बसलास. उन्हात. जिना फक्त अठरा पायऱ्यांचा आहे, मी मोजून ठेवल्या आहेत, तो येईल तेव्हा त्यालाही पटतील. पुढचा बुधवार तेवीस तारखेचा. तुझी अर्धी राहिलेली फळी मी केंद्रात आणून ठेवतो, मुलांना तिचा आणखी एक बाक हवा आहे, आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचा रंधा फिरवायचं मला जमणार नाही.

रांगेत थांबावं लागेल. बोलावं लागत नाही. दारात नाव लिहावं लागेल. 'दादा' लिहिलंस तर वकील हरकत घेईल, पण घाबरू नकोस. निकाल तुझ्या बाजूने लागेल.

तुझा धाकटा